ओंडक्यापासून चार हात

जगात माणसं काही ना काही उभं करतात. कुणी घर, कुणी दुकान, कुणी नुसता वाद. या गृहस्थांनी मात्र अख्खी नोकरी पानं कुजवण्यात घालवली, म्हणून कचेरीत त्यांना सगळे कुजवे म्हणायचे. खरं आडनाव साधं सरळ होतं, पण टोपणनाव एकदा चिकटलं की खरं नाव मुकाट्यानं बाजूला होतं. कुणी बायकोला विचारलं, "तुमचे हे काय करतात?" तर ती शिवणयंत्रावरून मान वर न करता सांगायची, "कुजवतात. आणि किती कुजलं ते मोजतात. पगार मिळतो त्याचा."

जंगलाच्या कडेला मातीचा अभ्यास करणारी एक लहानशी संस्था होती, तिथे हे प्रयोगशाळेत सहायक. काम ऐकायला सोपं. झाडाखाली पडलेली पानं गोळा करायची, ओव्हनमध्ये कडकडीत वाळवायची, तोलायची, जाळीच्या पिशवीत भरायची आणि पिशवी जंगलात पाचोळ्याखाली ठेवून द्यायची. काही पिशव्या थोड्या महिन्यांनी काढायच्या, काही वर्षानं, काही त्याहून उशिरा. दर वेळी आतलं पुन्हा वाळवून तोलायचं. किती उरलं, त्यात कर्ब किती, नत्र किती. जाळीचं कापड संस्थेचं, पण पिशव्या शिवायची बायको, घरच्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या मशीनवर. निळा दोरा आणि दुहेरी शिवण.

"पानं सडायलाच घालायची, तर एवढी पक्की शिवण कशाला हो?"

"पानं सडायला हवीत. पिशवी नाही."

संध्याकाळी चहा घेताना तिचा एक ठरलेला प्रश्न असायचा. इतकी पानं पडतात, मग जंगलात ढीग का होत नाही? जातात कुठं ती? हा प्रश्न आला की कुजव्यांची कळी खुलायची. "बुरशी खाते, किडे खातात, डोळ्यांना न दिसणारे जीव खातात. पानातला कर्ब म्हणजे त्यांचं जेवण. जेवतात आणि आपल्यासारखाच श्वास सोडतात. बराचसा कर्ब असा हवेत जातो. थोडा मातीत मुरतो, म्हणून ती काळी होते."

"आणि ते तुमचं नत्र?"

"त्याची गंमत आहे. सुरुवातीला पिशवीतलं नत्र कमी व्हायचं सोडून वाढतं."

"वाढेल कसं? शिवण मी घातलीय."

"अगं, वाळक्या पानात कर्ब भरपूर आणि नत्र चिमूटभर. म्हणजे घरात पीठ पोतंभर आणि मीठ नाही. मग बुरशी शेजारच्या मातीतून मीठ मागून आणते. पुढे ती मेली की तेच नत्र मातीत सुटतं, आणि झाडांची मुळं टपलेलीच असतात."

"म्हणजे उसनं आणायचं आणि शेजाऱ्यांनाच वाढायचं. शहाणी आहे की."

तेव्हापासून समोरच्या घरातली बाई मीठ मागायला आली की ही आतून खुशाल सांगायची, "अहो, बुरशी आलीय, डबा काढा." कुजव्यांना घाम फुटायचा. त्या बाईला ते लाडाचं नाव वाटत होतं, म्हणून निभावलं.

तर या पिशव्यांमधली शेवटची खेप राहिली होती. दहा वर्षांमागे ठेवलेली. संस्थेतल्या मुख्य संशोधक बाईंनी, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, एक नियम घातला होता: ओढ्यापलीकडच्या त्या तुकड्यात दहा वर्षं कुणीही पाय ठेवायचा नाही. पाय पडला की माती दबते, हवा कोंडते, कुजणं बदलतं. जागेची खूण काय करायची यावरही बोलणं झालं होतं. लोखंडी खुंट्या ठोकल्या तर भंगारवाले नेतात, रंग धुऊन जातो. तेव्हा कुजवे छाती पुढे काढून म्हणाले होते, "मॅडम, तिथे एक आडवा ओंडका पडलाय. माझ्या कमरेपर्यंत येतो. दहा माणसं लावली तरी हलायचा नाही. त्याच्या बुडख्यापासून उताराकडे चार हात, तिथे पिशव्या. मी आहे ना." मॅडम म्हणाल्या, तुम्ही आहात म्हटल्यावर प्रश्नच नाही.

हुशार वाचकाला इथेच हसू आलं असेल. कुजव्यांना दहा वर्षं आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता मॅडम निवृत्त व्हायच्या होत्या. सोमवारी त्या स्वतःच्या हातानं ती शेवटची खेप काढणार होत्या. पान कुजत जातं त्याची सगळी हकिगत त्यांच्याकडे होती, फक्त शेवट नव्हता. शुक्रवारी दुपारी कुजवे म्हणाले, वाट जरा मोकळी करून येऊ. ओढा ओलांडला, चढण चढले आणि उभेच राहिले. ओंडका नव्हता.

इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. झाडं होती, रोपं होती, पाचोळा होता. कुणी ओढून नेला म्हणावं तर गाडी जायला वाट नाही. कापला म्हणावं तर भुसा नाही, ढलपी नाही. जागा चुकली म्हणावं तर ओढा तोच, तो मोठा खडकही तोच. मॅडमना काय सांगायचं, हे मनात आलंच नाही. त्यांना आपला दादा आठवला.

दादा म्हणजे थोरले भाऊ. त्यांचं विसरणं चष्म्यापासून सुरू झालं. मग किल्ल्या, मग गल्ली. आता धाकटा भाऊ भेटायला गेला की ते अदबीनं उठून उभे राहत आणि विचारत, "बसा, बसा. आपण कोण?" आणि गेल्या काही महिन्यांत कुजवेही छत्री विसरायला लागले होते. एकदा चष्मा डोळ्यांवर आणि शोध घरभर. तेव्हा बायको हसली होती, तेही हसले होते, पण आतून चर्र झालं होतं. आता त्या मोकळ्या जागेपुढे उभं राहून त्यांना वाटलं, ओंडका हरवलाच नाही. तो इथे कधी नव्हताच. आपल्याच डोक्यातून काहीतरी निसटायला लागलंय.

घरी आले, जेवले, गप्प बसले. शनिवारीही तेच. चहात साखर पडली नाही तरी तक्रार नाही, तेव्हा बायकोनं मशीन थांबवलं.

"काय झालंय? बोला. बिनसाखरेचा चहा पिऊन तुम्ही गप्प बसणारे नाही."

त्यांनी आधी उडवाउडवी केली, मग सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "दादासारखं झालं तर गं?"

ती कापडाची चिंधी उचलून घडी करत राहिली. तिलाही भीती वाटली, आणि ती तिनं लपवली नाही. "झालं तर बघू," ती म्हणाली, "पण आधी मला ती जागा दाखवा. इतकी वर्षं तुमचं जंगल नुसतं ऐकतेय."

रविवारी सकाळी दोघं निघाली. त्यांच्या हातात खुरपं, तिच्या हातात डबा. ओढ्यापाशी पोहोचल्यावर त्यांनी पाहिलं, तिच्या गळ्यात मापाची टेप तशीच लटकतेय.

"ही काय घेऊन आलीस?"

"अगंबाई, काढायची विसरले."

त्यांना हसू आलं नाही. ती मात्र वाटभर मजेत होती. याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात, इथे पाय ठेवला तर मॅडम रागावतील का, असं चाललं होतं. चढण चढून वर आली, कमरेवर हात ठेवले आणि नजर फिरवली. बाई आयुष्यभर कापड बघत आलेली. कापडात वेडंवाकडं काय आणि सरळ काय, हे तिला बघावं लागत नाही, दिसतं.

"अहो, इथे झाडं कुणी लावली?"

"लावतंय कोण? जंगल आहे हे."

"मग ही रांग कशी? खडूनं रेघ मारून शिवल्यासारखी. जंगल एवढं सरळ शिवतं होय?"

कुजव्यांनी पाहिलं. पुरुषभर उंचीची कोवळी झाडं, एकामागे एक, वरून खालपर्यंत एका ओळीत. आजूबाजूला असली रोपं विरळ, वेडीविद्री आणि पिवळट. ही ओळ मात्र हिरवीगार. ते जवळ गेले, वाकले. त्या झाडांची मुळं थेट जमिनीत शिरत नव्हती. जमिनीवर फाकून उभी होती, मधे पोकळी, एखाद्या गोष्टीवर मांड ठोकून बसावं आणि खालची ती गोष्टच निघून जावी तशी. त्यांनी पोकळीत हात घातला. लालसर भुसभुशीत माती मुठीत आली. त्यात लाकडाचा एक तुकडा, बोटांनी दाबला तर त्याचाही चुरा झाला.

त्यांनी कपाळावर हात मारला.

"हाच गं. हाच तो ओंडका."

"कुठाय?"

"कुजला." आणि मग कुजव्यांना असं हसू फुटलं की खाली बसावं लागलं. "वाळवीनं खाल्ला, बुरशीनं खाल्ला, आणि त्याच्याच पाठीवर ही झाडं रुजली. जन्मभर लोकांना सांगत आलो की जंगलात पडलेलं काही राहत नाही. आणि खूण कशाची ठेवली? पडलेल्या लाकडाची."

"म्हणजे डोकं ठीक आहे तुमचं."

"डोकं जागेवर आहे. ओंडकाच गेला."

ती हसता हसता रडायला लागली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मेल्यानं दोन दिवस जीव टांगणीला लावला." हे ओंडक्याला होतं की नवऱ्याला, ते कळलं नाही. मग ती त्यांच्याशेजारी पाचोळ्यात बसली आणि दोघांनी डबा उघडून आधी जेवून घेतलं, कारण आता घाई कशाचीच नव्हती.

जेवण झाल्यावर कुजवे उठले. रांग खाली जिथे संपत होती तिथे जमिनीला एक उंचवटा होता. झाड उन्मळताना बुडख्याबरोबर वर आलेली माती. तिथून त्यांनी उताराकडे आपल्याच हातानं मोजलं, एक, दोन, तीन, चार, आणि खुरप्यानं हलकेच पाचोळा बाजूला केला. बोटभर मातीखाली जाळी लागली. एका कोपऱ्यापुरतीच त्यांनी ती उघडी केली. बाकीचं काम मॅडमचं होतं.

बायको गुडघ्यांवर बसून बघत होती. आत पान असं उरलंच नव्हतं. चिमूट दोन चिमूट काळी माती आणि तिच्यातून आरपार गेलेलं एक पांढरं मूळ, शेजारच्याच झाडाचं. आणि कडेला, मळलेली पण टाका न टाका शाबूत, निळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण.

"तुमचं सगळं गेलं," ती म्हणाली, "माझं राहिलं."

"माझं कुठं गेलंय?" ते म्हणाले. "थोडं हवेत आहे. थोडं हे काय, उभं आहे समोर."

ती त्या रांगेकडे बराच वेळ बघत राहिली. ढीग का होत नाही, हे तिनं नंतर पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यांनी पाचोळा होता तसा पसरला आणि उतरायला लागले. येताना गप्प असलेला माणूस आता थांबतच नव्हता. मॅडमना कसं सांगायचं, आधी ओंडका दाखवा म्हणायचं का, मग त्यांचा चेहरा कसा होईल, याचीच उजळणी चालली होती. ओढा आला. बायकोनं त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"खुरपं कुठाय?"

कुजवे थांबले. उजवा हात पाहिला, डावा पाहिला. परवा हाच प्रश्न आला असता तर त्यांच्या काळजाचं पाणी झालं असतं.

"विसरलो," ते म्हणाले, अगदी मोकळ्या आवाजात, आणि पुन्हा एकदा म्हणाले, "विसरलो गं."

"चला मग," ती म्हणाली, आणि गळ्यातली टेप सारखी करत तीच आधी चढणीला लागली.