न पाहिलेला हिरवा

निहेई तात्सुओचं तोंड कामावर कधी गप्प नसायचं, पण ते माणसांशी बोलायचं नाही, सिग्नलशी बोलायचं. कुरोतानीच्या खोऱ्यात, एकेरी रुळावर, एका डब्याची डिझेल गाडी चालवण्यात त्याची सदतीस वर्षं गेली. तेवढी वर्षं पांढऱ्या हातमोज्यातलं बोट समोर रोखून तो एकटाच ओरडत आला. "निघायचा सिग्नल, हिरवा!" "दार बंद!" नियमच तसा. डोळ्यांनी बघायचं, बोटानं दाखवायचं, तोंडानं म्हणायचं आणि मगच हात चालवायचा. बायको म्हणायची, "हा बाबा घरातून निघताना शेगडीकडेही बोट दाखवतो!" आणि शेगडी खरंच बंद असायची, त्यामुळे बिचारीला भांडायलाही जागा नसायची.

निवृत्तीला तेवीस दिवस उरले होते, त्या मंगळवारी घात झाला.

इवानोसे स्टेशनात दोन रूळ आहेत. तिथं थांबायचं, समोरची गाडी आली की निघायचं. सात अठराला निहेईनं घड्याळ पाहिलं, बोट उचललं, ठणठणीत आवाजात म्हणाला, "निघायचा सिग्नल, हिरवा!" हात गाडी सुरू करायच्या दांड्याकडे गेला.

"अहो, लाल आहे!"

पाठीमागच्या पहिल्या सीटवर रोजची आजी बसली होती. ब्याऐंशीची. नवरा शहरातल्या वृद्धाश्रमात. त्याला दुपारचं भरवायला रोज अळकुड्यांचा डबा घेऊन जायची आणि दोन दहाच्या गाडीनं परतायची. इतकी वर्षं ऐकून ऐकून निहेईची सगळी वाक्यं तिला पाठ. तो मोठ्यानं म्हणायचा, ती ओठांतल्या ओठांत. त्या दिवशी तिचे ओठ अडले.

निहेईनं मान वर केली. लाल! चांगला ढळढळीत लाल! बर्फामुळे समोरची गाडी मागे पडली होती. चार मिनिटांनी ती वळणावरून आली, आतली माणसं पेंगत होती.

शहरात उतरताना आजीनं त्याची बाही धरली. "हे बघा निहेईसान, कुणापुढे अवाक्षर काढायचं नाही."

"आजी, पण नियम..."

"खड्ड्यात गेला नियम! तुम्हाला खाली उतरवलं तर गाडी कोण, मी चालवू? गेल्या वर्षी ड्रायव्हर नाहीत म्हणून दोन गाड्या बंद केल्या मेल्यांनी. माझा म्हातारा दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नाही. तेवीस दिवस तोंड मिटून काढा!"

तोंड मिटून! हे त्याला सांगायचं! पण त्यानं मिटलं, आणि तिथून त्याला चैन म्हणून पडेना. प्रत्येक सिग्नल तो दोनदा म्हणू लागला, मग तीनदा. म्हणून झाल्यावर वाटायचं, बघितला का रे तू? की नुसता बोललास? रात्री उठून शेगडी बघायचा, अंथरुणाशी येईपर्यंत पुन्हा शंका. बायको वैतागली. "लग्न माझ्याशी केलंत की शेगडीशी?" तो हसलासुद्धा नाही.

शुक्रवारी दुपारी, दोन दहाच्या गाडीआधी, तो कुसाकारीच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. कुसाकारी डेपोप्रमुख, निहेईपेक्षा अठरा वर्षांनी लहान. सगळं ऐकून त्यानं आधी दार लावलं.

"गाडी हलली नाही ना? आणि हलली असती तरी यंत्रानं ब्रेक लावलाच असता. निहेईसान, वीस दिवस राहिलेत. तुमच्या शेवटच्या गाडीसाठी गावकऱ्यांनी कापडी फलक रंगवायला घेतलाय. कशाला उकरून काढता?"

"मंगळवारी मी सिग्नल बघितलाच नाही. नुसता म्हटला."

"एकदा होतं हो असं."

"एकदाच झालं हे कोण सांगणार? सोमवारी बघितला होता का, मला आठवत नाही. त्याआधीचंही आठवत नाही. हिरवा होता म्हणून निभावलं असेल."

कुसाकारी उठला. त्यानं ड्युटीच्या फळ्यावरची निहेईच्या नावाची पट्टी काढली. तिथं लावायला दुसरी पट्टी नव्हती.

दोन दहा रद्द झाल्याचा कागद निहेईनं स्वतःच नेऊन फलाटावर चिकटवला. आजी रिकामा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. तिनं कागद वाचला, मग त्याच्याकडे पाहिलं.

"बोललात ना शेवटी! जीभ आवरली नाही! आता मी घरी कशी जाऊ? उद्या येऊ कशी?"

"आज मी सोडतो. उद्याचं... उद्याही मीच."

"आणि परवा? जन्मभर नेणार आहात?"

निहेईनं तिच्या मांडीवरचा डबा उचलला. ती त्याच्या छोट्या मोटारीत मागे बसली, पट्टा धुसफुसत लावला. पूल संपल्यावर मागून आवाज आला, मघाचा नव्हे, दमलेला.

"मंगळवारपासून माझा डोळ्याला डोळा लागला नाही हो. तुम्हाला गप्प बसवलं मीच, आणि रोज त्या सीटवर जीव मुठीत धरून तुमच्या आधी सिग्नल मीच बघत होते. एखादा माझ्याकडून चुकला असता म्हणजे?"

निहेईनं आरशात पाहिलं नाही. नजर रस्त्यावर ठेवून म्हणाला, "झोपा आजी. मी बघतोय."