जोडी बाहेर, एकटा आत

एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे दहावीच्या वर्षी वडिलांनी मला साफ सांगितलं होतं, "गणितात पास झालीस तर कॉलेज. नाहीतर होसकोटे."

होसकोट्याला एक स्थळ होतं. मुलगा मी पाहिला नव्हता. त्याच्या आईने मात्र बंगळुरात येऊन माझ्या मनगटांचं असं कौतुक केलं, की त्या घरची विहीर फार खोल असावी असा माझा अंदाज होता.

गणिताला आत्या बसायची. ती वडिलांची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी परतलेली. वर्गमूळ शिकत असताना तिचं लग्न ठरलं आणि शाळा तिथेच सुटली. पण तेवढं गणित तिने हट्टाने जपलं होतं आणि ते शिकवायची तिची रीत आमच्या घरच्या पूजेवरून आलेली होती. पूजेला जोडपं बसतं, एकटं माणूस बसत नाही.

"बाराचे अवयव पाड," ती चटणी वाटता वाटता म्हणायची. "दोन, दोन, तीन. दोनाची जोडी जमली, ती बाहेर पाटावर. जोडप्याला आमंत्रण एकच, म्हणून बाहेर एकच दोन लिही. तीन एकटा, तो राहू दे मुळाच्या आत."

पूजेच्या दिवशी ती स्वतःही आतल्या खोलीतच असायची. तिला त्याचं काही वाटत असेल-नसेल, मला भयंकर राग यायचा.

परीक्षेत आलं चोपन्नाचं घनमूळ. तिथे तीन सारखे जमले तरच एक बाहेर येतो, हे शाळेत शिकवलं होतं. पण ऐन वेळी कानात घुमला तो चटणीच्या पाट्यावरचा आवाज. तीन, तीन, तीन, दोन. मी पहिल्या दोन तिनांना थाटात बाहेर बसवलं आणि तिसऱ्याला दोनाबरोबर आत कोंडलं. घरी येताना चूक ध्यानात आली आणि मी तडक स्वयंपाकघरात गेले.

"आत्या, घनमुळात जोडी चालत नाही. तिघं एकदम बाहेर येतात."

तिने वरवंटा बाजूला ठेवला. "तिघं? मला तिथवर कुणी शिकवलंच नाही गं."

निकाल लागेपर्यंत तिने स्वतःलाच बोल लावला. मी काठावर पास झाले, होसकोटे टळलं आणि वडिलांनी सत्यनारायण घातला. आई-वडील पाटावर बसले. भटजी संकल्प सांगणार, तेवढ्यात मी शेजारी तिसरा पाट आणून मांडला.

"हे काय?" वडील म्हणाले.

"घनमूळ. पेपरात इथेच चुकले. घरी तरी बरोबर येऊ दे."

भटजींनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी त्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "अक्का, ये बाहेर."

आत्याला यायला वेळ लागला. आली ती पदर सावरत, कुणाकडे न बघता, आणि आईला म्हणाली, "स्वल्प सरक गं."