चंद्राची गाडी आउटरला

आमच्या हस्तलिखित मासिकात कविता आल्या, पाककृती आल्या, विणकामाचे नमुने आले. पण त्या मासिकाचे किस्से कुणी लिहून ठेवले नाहीत. आम्ही चार बायका बसलो की एक निघतो, मग त्याच्या शेपटाला धरून दुसरा. असे करता करता त्यांचाच एक अंक भरेल.

वर्ध्याला स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमचे महिला वाचनालय होते. शांताबाई संपादक. मी मॅट्रिक, अक्षर बरे, म्हणून सगळा मजकूर माझ्या हातचा. अंक एकच निघायचा. तो एका घरी दोन दिवस राहायचा, मग पुढच्या घरी जायचा. शेवटची चार पाने अभिप्रायासाठी कोरी ठेवत असू.

एकदा अंक परत आला तो पानोपानी हळदीची बोटे घेऊन. अभिप्राय होता, "लोणच्याची कृती उत्तम. वाचता वाचताच घातले."

* * *

मासिकात लिहिणारे पुरुष एकच, तात्या. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. त्यांची 'चंद्रलोकची स्वारी' तिसऱ्या वर्षात होती. कप्तान प्रतापराव अग्निबाणात बसून चंद्रावर जातात, अशी ती वैज्ञानिक कथा. लोक अंक हातात आला की आधी ते पान काढत.

तात्यांचा अग्निबाण हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय सुटत नसे आणि त्याला शेवटी गार्डाचा डबा होता.

शांताबाईंनी एकदा विचारले, "तात्या, आकाशात गार्ड कशाला?"

तात्या म्हणाले, "मंग ब्रेक कोन लावन?"

डबा राहिला.

* * *

अल्लीपूरचे बापूराव एका सभासद बाईंचे भाऊ. बहिणीकडे आले की अंक वाचत. कप्तान चंद्रावर उतरले त्या महिन्यात त्यांनी अभिप्रायात लिहिले, "सर्व ठीक. पन तिथली जमीन काळी का भुरकी, ते लिहिलं नाई."

पुढच्या भागात कप्तान प्रतापराव वाकले, मूठभर माती उचलली आणि दीड पान तिचेच वर्णन. काळी निघाली. मध्यम प्रतीची.

बापूरावांचा अभिप्राय एका ओळीचा होता. "मंग कापूस होते."

* * *

कथेची चित्रे तात्यांची सून वत्सला काढायची. लग्नाला दोन वर्षे झालेली, नवरा बल्लारशाकडे रेल्वेत. तिच्या हातात कला होती. पण सासऱ्यांसमोर, म्हणजे मामाजींसमोर, डोक्यावरचा पदर कपाळाखाली, आणि दोघांचे बोलणे तिसऱ्याच्या तोंडून. चित्रांच्या वेळी तिसरी मी असे.

तात्या बैठकीत बसून मला सांगत, "यानाचं चाक बारीक झालं, सांगजा तिले."

वत्सला सहा फुटांवर, स्वयंपाकघराच्या दारामागे. मी तोंड उघडायच्या आत तिचा खोडरबर चालू झालेला असे.

* * *

त्या वर्षी वत्सलाच्या मनात नागपूरला ड्रॉइंगच्या परीक्षेला बसायचे आले. फॉर्मवर घरच्या वडीलधाऱ्याची सही हवी होती. नवऱ्याने पत्रात लिहिले, "बाबा म्हणतील तसे." बाबांना विचारायचे काम शांताबाईंनी घेतले.

पहिल्यांदा तात्या म्हणाले, "पाहू."

दुसऱ्यांदा म्हणाले, "पाहू म्हटलं न."

तिसऱ्यांदा शांताबाई काही बोलायच्या आधीच म्हणाले, "दिवाळीनंतर पाहू." फॉर्म दिवाळीच्या आत पोचायला हवा होता.

* * *

त्याच महिन्यात तात्यांचा भाग एका पानाने कमी पडला. मागची बाजू कोरी राहिली. शांताबाई वत्सलाला म्हणाल्या, "काही वेलबुट्टी काढून दे." तिने तीन दिवसांनी पान दिले. वेलबुट्टी नव्हती. चार चौकटींत 'चंद्रलोकची स्वारी' होती, पण तिची थट्टा.

पहिल्या चौकटीत कप्तान प्रतापरावांना तिकीट तपासनीस यानातून उतरवतो आहे. दुसरीत यान सुटत नाही, कारण पुढे कापसाच्या गाठींची मालगाडी. तिसरीत यान चंद्राच्या आउटर सिग्नलला उभे, कप्तान खिडकीत बसून संत्रे सोलताहेत. चौथीत चंद्राचा स्टेशनमास्तर घड्याळ बघत म्हणतो, "गाडी टायमावर आहे. चंद्रच लेट उगवला."

स्टेशनमास्तर पाठमोरा होता. तरी टोपी आणि उभे राहण्याची ढब पाहून साऱ्या वर्ध्याने तात्यांना ओळखले असते.

शांताबाई आधी खूप हसल्या. हसण्याच्या भरात अंक पहिल्या घरी रवाना केला. भीती त्यांना दुसऱ्या दिवशी वाटली.

* * *

तात्यांचे घर रांगेत चौथे. तिसऱ्या घरापर्यंत अभिप्रायाची दोन पाने त्या चित्रांनीच भरली होती. शांताबाई मला घेऊन तिसऱ्या घरी गेल्या.

"ते पान फाडून टाकू. पोरीची सही जाईल न हातची."

मी पान उलटून दाखवले. मागे तात्यांचा भाग होता. कप्तान चंद्रावरून पहिल्यांदा पृथ्वी पाहतात, तो. तात्यांनी तो चारदा लिहून मग मला दिला होता.

शांताबाईंनी पानावर हात ठेवला, काढला. फाडले नाही. अंक चौथ्या घरी गेला.

* * *

दोन दिवसांनी मी अंक आणायला गेले. तात्या बैठकीत होते, अंक तेच पान उघडून मांडीवर. वत्सला दारामागे.

तात्या मला म्हणाले, "विचारा तिले, हे कोनं काढलं."

मी दाराकडे पाहिले. विचारले नाही.

दारामागून आवाज आला, "मी, मामाजी."

तात्या पुन्हा चित्रात वाकले. मग दाराकडे बघून सरळ तिलाच म्हणाले, "पाठ बरोबर आली. उजवा खांदा उतरता, तोही बरोबर. तोंड काऊन नाई काढलं?"

वत्सला म्हणाली, "पाह्यलं नाई न कधी."

तात्या उठले. खुंटीवरची टोपी काढून नीट घातली. खुर्ची ओढत खिडकीच्या उजेडात नेली आणि दाराकडे तोंड करून बसले.

"मंग पाह्य आता. नागपूरवाल्याईले काय पाठच दाखवशीन?"