काडेपेटीतले ट्रान्झिस्टर

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एका बाईंनी काडेपेटी उघडली. आत चार जळके ट्रान्झिस्टर, कापसावर दागिने ठेवावेत तसे. त्यांच्या हातात मी तयार केलेली, हौशी लोकांसाठीची सर्किट-पुस्तिका.

"यात बघूनच जोडले हो. माझाच हात वाईट."

मी उघड्या पानाकडे पाहिलं. ट्रान्झिस्टरचे पाय खालून दिसतात तसे मी काढले होते, आणि 'खालून' हा शब्द जागा वाचवायला गाळला होता. चित्र वरून आहे असं समजून जोडलं की पाय उलटे लागतात आणि ट्रान्झिस्टर जळतो. छापलेल्यावर भरवसा ठेवणारं माणूस चूक आधी स्वतःच्या बोटांत शोधतं.

"पुस्तक यांचंच," दुकानदार माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

बाई ओशाळल्या. "पुस्तक छानच आहे तुमचं. मलाच जमत नाही."

कान तापले होते माझे. तरी मी हसून म्हणालो, "जमेल सरावानं."