लॅटिनकाका आणि चार कोरी पानं

लॅटिनकाका कुठलंही पुस्तक मागून उघडायचे. छापील असो, हाताने लिहिलेलं असो, नाहीतर आमच्या मंडळाची दिवाळीची स्मरणिका असो. आधी शेवटचं पान, मग त्याच्या आधीचं, आणि पोटभर बघून झालं की मग पहिलं. असं का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सुरुवात सगळ्यांची सारखीच असते. सगळे आदमपासून सुरू करतात. लिहिणारा कुठे बसला होता आणि कशाला घाबरत होता, ते शेवटी कळतं." त्यांची ही सवय पुढे मला चांगलीच महागात पडली. त्याचा राग अजून माझ्या मनात आहे आणि तो मी इथे लपवणार नाही.

त्यांचं खरं नाव आमच्या न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावातल्या फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असेल. ते वसईचे, कॅथलिक. पाद्री व्हायचं म्हणून लहान वयात सेमिनरीत गेले, तिथे लॅटिन शिकले आणि पाद्री होण्याआधीच बाहेर पडले. देवाशी भांडण झालं नाही, पण व्याकरण जास्त आवडायला लागलं, असं कारण ते सांगत. अमेरिकेत आल्यावर एका मोठ्या ग्रंथालयात मध्ययुगातल्या लॅटिन हस्तलिखितांची वर्णनं लिहायचं काम त्यांना मिळालं, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं. पुस्तक कशाचं, पानं किती, अक्षर कुठल्या काळातलं, कोणाकोणाच्या हातून इथवर आलं, हे सगळं पुस्तक वाचून, मोजून, नाकाशी धरून लिहायचं. मंडळाच्या जेवणात नव्याने आलेला एखादा सॉफ्टवेअरवाला हमखास विचारायचा, "पण काका, लॅटिनला आता स्कोप काय?" काका शांतपणे म्हणायचे, "फार सोयीची भाषा आहे. तिला अपडेट येत नाहीत."

मी सोलापूरची. नवऱ्याच्या मागे डिपेंडंट व्हिसावर आले तेव्हा मला इथे नोकरी करायची परवानगी नव्हती, पण घासाघीस करायला कोणाची परवानगी लागत नाही. इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं अख्खं घर चमच्यांसकट विकायला काढतात. त्या इस्टेट सेलमधून मी आमचं घर सजवलं. पुढे कागदपत्रं हातात आली तेव्हा नोकरी शोधली नाही, जुन्या वस्तूंचा धंदाच काढला. कोणी भांडवल दिलं नाही, कोणी वाट दाखवली नाही. मला राग लवकर येतो हे खरं आहे, पण रागाच्या भरात मी कधी वाईट सौदा केलेला नाही.

काकांची गाठ पडली ती गावातल्या पब्लिक लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत. शेवटच्या दिवशी एका ठरलेल्या किमतीत पिशवीत मावतील तेवढी पुस्तकं नेता येतात. पिशवीच्या काठाच्या वर गेलेली पुस्तकं धरायची की नाही यावरून तिथल्या बाईशी माझं चांगलंच जुंपलं होतं. तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला, "आडवी लावा. दोन जास्त बसतील." वळून बघते तर एक बारीक, टोपी घातलेले गृहस्थ. मी आडवी लावली. तीन जास्त बसली. कुठल्या म्हणून त्यांनी विचारलं आणि त्या दिवसापासून मला नावाऐवजी सोलापूर म्हणायला लागले. "काय सोलापूर, आज काय आणलंत?" एवढंच विचारायचे, आणि मी आणलेलं पुस्तक हातात घेण्यापूर्वी बेसिनपाशी जाऊन हात धुवायचे. ते हात पुसायला त्यांना इतका वेळ लागायचा की मी दाराशी उभी राहून चुळबुळ करायची.

मग ते पुस्तक आलं. एका संगीतशिक्षिकेच्या घरच्या सेलमध्ये, पियानोच्या नोटेशनच्या खोक्यात तळाशी पडलेलं. विटेएवढं जाड, चामड्याची बांधणी सैल झालेली, पानंही चामड्याचीच. अक्षर काळं आणि दाट, मधूनमधून लाल-निळी मोठी अक्षरं. मी ते नोटेशनसकट अख्ख्या खोक्याच्या भावात उचललं. घरी आल्यावर शेवटची चार पानं बघितली, तर त्यांवर एक अक्षर नव्हतं.

कोऱ्या चर्मपत्राला गिऱ्हाईक असतं, हे मला धंद्यातून माहीत होतं. पेनसिल्व्हेनियातली एक बाई बोरूने सुंदर अक्षर काढायची. लग्नाची वचनं, वाढदिवसाची मानपत्रं वगैरे. जुनं कोरं कातडं मिळालं तर ती हवंच म्हणायची. मी विचार केला, लिहिलेल्या पानांना धक्का न लावता चार पानं निघतायत, कोणाचं काय गेलं? धारदार पात्याने, शिवणीला अगदी चिकटून, चारही पानं सरळ कापली आणि तिला विकली. पुस्तक काकांकडे नेलं ते त्यानंतर. ते कशाचं आहे हे त्यांनी लिहून दिलं असतं, तर न्यूयॉर्कच्या एका दलालाला मी रंगीत अक्षरांची पानं एकेक करून विकणार होते. या धंद्यात तसं सर्रास करतात.

काकांनी हात धुतले, पुसले आणि पुस्तक मागून उघडलं.

शिवणीवरून त्यांनी बोट फिरवलं. मग थोडं पुढचं एक पान हलकेच धरलं तर ते सुटून हातातच आलं. त्यांनी मला समजावलं की अशी पुस्तकं जुड्यांनी बांधतात. चार मोठी कातडी मधोमध दुमडली की आठ पानांची एक जुडी होते. मागचं पान कापलं की त्याचं पुढचं जोडीदार पान निराधार होतं.

"मागची चार कुठायत?"

"कोरी होती, काका."

"कोरी नव्हती, राखलेली होती."

मग त्यांनी मला शेवटच्या लिहिलेल्या पानाचा तळ दाखवला. तिथे बारीक अक्षरात एक ओळ होती. तिचा अर्थ त्यांनी सांगितला: यापुढे जे घडेल ते माझ्यामागून येणाऱ्याने इथे लिहावं. हा जगाचा इतिहास होता. आदमपासून सुरू होऊन इंग्लंडच्या कुठल्याशा राजापर्यंत आलेला. राजा फौज घेऊन समुद्रापार गेला, इथपर्यंत लिहून, हे लिहिणाऱ्या मठातल्या संन्याशाने हात थांबवला होता, कारण पुढचं अजून घडलं नव्हतं. ते लिहिण्यासाठी त्याने चार पानं सोडली होती. पुढच्या माणसाने काहीच लिहिलं नाही. एवढी शतकं कोणीच लिहिलं नाही. आणि मग मी आले.

मी चिडले. माझा माल, माझं पातं, तुम्ही कोण विचारणारे, असं बरंच बोलले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपली अट सांगितली. पानं सुटी विकायची असतील तर ते एक ओळही लिहिणार नाहीत. पुस्तक अख्खं, एखाद्या ग्रंथालयाला विकायचं असेल तर पूर्ण वर्णन लिहून देतील, आणि तेही फुकट. मी मनात हिशेब मांडला. रंगीत पानं होती मोजकीच, बाकी सगळा काळा मजकूर. काकांच्या वर्णनासह अख्खं विकणंच फायद्याचं होतं. म्हणून मी हो म्हटलं. मन वगैरे बदललं नव्हतं.

वर्णनाला दोन आठवडे लागले. मी माल डोळ्याआड करत नाही, त्यामुळे रोज सकाळी काकांच्या टेबलासमोर जाऊन बसायची. ते वाचता वाचता मराठीत सांगत जायचे आणि मी, मान्य करायला काय हरकत आहे, कान देऊन ऐकायची. त्या लिहिणाऱ्याने जगाचे सहा काळ पाडले होते आणि आपण शेवटच्या काळात राहतो याबद्दल त्याची खात्री होती. एका रांगेत ज्यूंचे राजे, शेजारच्या रांगेत बॅबिलोनचे, तिसरीत रोमचे. कोण कोणाच्या वेळी गादीवर होता ते आडवं बोट फिरवलं की कळावं, अशी मांडणी. मधेच शेंडेनक्षत्र, मधेच दोन तोंडांचं वासरू, एका वर्षी टोळधाड, आणि एका वर्षापुढे नुसतं 'काही नाही'. त्या 'काही नाही'वर काका खूश होते. "बघा, काही घडलं नाही तरी प्रामाणिकपणे लिहिलंय."

मी विचारलं, यात आपण कुठे आहोत? काका म्हणाले, भारताला दोन ओळी दिल्यात. सोनं, हत्ती आणि कुत्र्याच्या तोंडाची माणसं.

"म्हणजे आम्ही."

"तुम्ही नक्की," काका म्हणाले. "लायब्ररीत मी तुम्हाला पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच ओळखलं."

इतकं हसलेलं मला इथे आल्यापासून आठवत नाही. आमची लेक एकदा मला घ्यायला आली, तिने ते रकाने बघितले आणि म्हणाली, "आई, दिस इज जस्ट अ स्प्रेडशीट." काकांना ते इतकं पटलं की त्यांनी तिला दोन केळी दिली.

पंधराव्या दिवशी वर्णन तयार झालं. चार टाइप केलेली पानं, इंग्रजीत. पहिल्याच पानावर ती ओळ होती: शेवटची चार कोरी पानं अलीकडे कापलेली. मी म्हटलं, 'अलीकडे' काढा. नुसतं 'शेवटची चार पानं नाहीत' असं लिहा. ते खोटंही नाही. काका म्हणाले, तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल ती शेकडो वर्षांपूर्वी गेली. मी 'अलीकडच्या काळात'वर आले, मग 'कधीतरी'वर. आयुष्यात एवढ्या पायऱ्या मी कोणासाठी उतरले नव्हते. ते एका पायरीवरही हलले नाहीत.

"सोलापूर, त्या माणसाने 'काही नाही' लिहिलं. मी घडलेलं कसं गाळू?"

मी पुढचं एक अक्षर वाचलं नाही. कागद पुस्तकात खुपसले आणि दार आपटून निघाले. तासाभराच्या अंतरावरच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पुस्तक अख्खं घेतलं, पण त्या एका शब्दावर बोट ठेवून किंमत पाडली. किती पाडली ते सांगणार नाही. सांगताना पुन्हा डोकं फिरतं. त्यानंतर वर्षभर मी काकांशी बोलले नाही. मंडळाच्या जेवणात ते पलीकडच्या टेबलावरून हात वर करायचे, आणि मी भाजी वाढून घ्यायची.

मग कोणाकडून तरी कळलं की काकांची तब्येत ठीक नाही आणि मुलगी त्यांना कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला घेऊन चाललीय. त्याच आठवड्यात मी गाडी काढून पेनसिल्व्हेनियाला गेले. कशाला, ते तेव्हा मी स्वतःलाही नीट सांगितलं नाही. त्या अक्षरवालीने तीन पानं वापरली होती. त्यांवर आता कोणाकोणाची लग्नं होती. एक शिल्लक होतं. ती दामदुप्पट मागत होती. मी तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले आणि माझ्या भावात ते पान घेऊन निघाले.

काकांच्या घरी सगळीकडे खोकी होती. ते उठले, हात धुतले आणि पान खिडकीपाशी धरलं. त्यांच्या वहीत शेवटच्या लिहिलेल्या पानाची मापं होती: वरून चार बोटांवर, कडेजवळ, किड्याने पाडलेलं एक भोक. या पानालाही तिथेच भोक होतं. वहीवरून पानाकडे आणि पानावरून वहीकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले.

मी म्हटलं, "आता तरी 'अलीकडे' काढा."

"आता तर काढताच येणार नाही," काका म्हणाले. "अलीकडे गेलं होतं म्हणून तर परत आलं."

मी यावर काहीतरी लागट बोलले असणार. मला आठवत नाही. निघताना त्यांनी बहिणीने वसईहून पाठवलेली सुकेळी एका पुडीत बांधून दिली. पान मी ग्रंथालयाला पाठवायचं आणि त्याबद्दलचा मजकूर ते पाठवतील, असं ठरलं. मी पान विमा उतरवून पाठवलं, पण स्वतः गेले नाही.

काका फ्रीमाँटमध्येच वारले. त्यांच्या मुलीचा फोन आला. इंग्रजीतच बोलली बिचारी, मधे मधे मावशी म्हणत. डॅड तुमच्याबद्दल खूप सांगायचे म्हणाली, आणि मग एक वाक्य तिने मराठीत, पाठ केल्यासारखं म्हटलं: "सोलापूरला सांग, त्या शब्दावर मी भाव उतरवला नाही." तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता. मी सांगितला नाही.

त्यानंतर मी ते पुस्तक बघायला गेले. वाचनकक्षात बॅग बाहेर ठेवायला लावतात, पेन काढून घेतात. कोणी सांगितलं नव्हतं तरी मी आधी हात धुवून आले. पुस्तक मऊ उशीवर ठेवलेलं होतं. मी ते मागून उघडलं. परत आलेलं पान एका पाकिटात सुटंच होतं, कोरं.

मग काकांचं वर्णन मागवलं आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. चौथ्या पानावर मालकांची यादी होती, कोणाच्या हातून कोणाच्या हाती. पहिला एक मठ. मग पुस्तकाच्या पहिल्या पानावर सही केलेला एक इंग्रज जमीनदार. मग न्यू जर्सीतली एक संगीतशिक्षिका. आणि तिच्याखाली माझं नाव, माहेरच्या नावासकट, पूर्ण, एकही चूक नसलेलं. पुढे लिहिलं होतं, जन्म सोलापूर. हे त्यांनी ज्या सकाळी मी दार आपटलं त्याच्या आधीच लिहून ठेवलं होतं. शेवटी वेगळ्या कागदावर एक ओळ जोडलेली: चारांपैकी एक पान याच मालकिणीने स्वतः शोधून परत आणलं.

पहिल्या पानावरचं 'अलीकडे' मात्र जागच्या जागी होतं.

मी उठून काउंटरवरच्या मुलीकडे गेले आणि विचारलं, यातला एक शब्द बदलायचा असेल तर काय करावं लागतं? तिने कागद बघितला, खालचं नाव बघितलं आणि नम्रपणे म्हणाली की ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचारावं लागेल.

मी बरं म्हटलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.