दिनकररावांनी कापलेला पट्टा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी मेकॅनिक आहे. "गाडीला नजर लागलीय हो," म्हणत लोक यायचे आणि मी एअर फिल्टर काढून त्यांच्या हातात द्यायचो. बोटभर धूळ. "ही बघा तुमची नजर." जे पान्यानं उघडतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा – असं मी छाती ठोकून सांगायचो. आणि तरीही हे लिहितोय, कारण इतकी वर्षं झाली तरी तो प्रसंग आठवला की डोकं फिरतं. भीती नाही वाटत. संताप येतो.

२००६ सालचा पावसाळा. कोल्हापुरात कळंब्याच्या रस्त्याला माझं गॅरेज होतं. वर पत्रा, तीन बाजूंनी भिंत, समोर रस्ता. म्हणजे आत काय चाललंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास दिनकरराव आले. राधानगरीच्या अलीकडे त्यांचं गाव, ऊस आणि आठ-दहा म्हशी. जुनी डिझेल गाडी होती, स्वतःच चालवायचे. गाडी गॅरेजला वळली तीच किंचाळत.

बॉनेट उघडलं. या गाडीत पुढं एकच लांब रबरी पट्टा असतो. डायनॅमो, एसी, स्टिअरिंगचा पंप – सगळं त्याच्यावर फिरतं. लोक त्याला फॅन बेल्टच म्हणतात. तो पार संपला होता. आतल्या बाजूला भेगा, एका कडेला उंदरानं कुरतडून अर्धगोल चावा घेतलेला आणि पाठीवर निळ्या ऑइलपेंटचा ओघळ. घराची दारं रंगवताना गाडी शेजारीच उभी होती म्हणे.

"बदलायलाच पायजे व्हय?" दिनकरराव म्हणाले.

"घाटात सुटला तर स्टिअरिंग दगड हुईल. मग मला बोलू नका."

मग मी नवा पट्टा बसवला. दिनकरराव माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते, हातात चहाचा ग्लास. पुड्यातनं नवा पट्टा काढला तोही त्यांनी बघितला. पुल्यांवरनं फिरवला, ताण दिला, गाडी चालू केली. एकदम गप्प. आवाज नाही.

माझी एक सवय होती. जुना पट्टा मी कापून टाकायचो, म्हणजे कुणी तो पुसून परत विकायला नको. त्या दिवशी दिनकरराव म्हणाले, "आणा की, मीच कापतो. गोठ्याच्या फाटकाला बांधायला बरा हाय." मी सुरी दिली. त्यांनी स्वतःच्या हातानं कापला, गुंडाळी केली, गाडीत टाकली आणि गेले.

एवढंच काम. अर्ध्या-पाऊण तासाचं.

रविवारी सकाळी ते परत आले, पण दुसऱ्याच्या जीपमधनं. बरोबर तिघे गाववाले. माझ्याकडं चार गिऱ्हाईकं बसलेली. जीपमधनं उतरले ते थेट माझ्या अंगावर, आणि हातातलं काहीतरी माझ्या पायावर फेकलं.

"ह्यो नवा पट्टा व्हय रं तुझा?"

आदल्या दिवशी बायकोला माहेरी सोडायला निघाले होते. वळणावर पट्टा पुल्यांवरनं उडाला, स्टिअरिंग फिरेना, गाडी चरात गेली. बॉनेट उघडलं तर आत हाच पट्टा पडलेला, म्हणे. वहिनींचा उजवा हात मनगटात मोडला. वळणाच्या दुसऱ्या अंगाला चर नव्हता, सरळ दरी होती.

मी खाली बघितलं. अखंड पट्टा. भेगा. कडेला अर्धगोल चावा. पाठीवर निळा ओघळ.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. मी म्हणालो, "ह्यो तुमी कापलासा की! सोत्ता, हितं उभारून!"

"मी कापला तो दुसराच असंल. हातचलाखी केलीस तू. तुमी लोकं असलीच."

'तुमी लोकं' म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. माझं नाव यासीन. माझ्या पणज्यापासनं आम्ही याच शहरात आहोत, आणि दिनकरराव माझ्याकडं सहा वर्षं गाडी आणत होते. ईदला त्यांच्या घरी डबा जायचा. आणि एका सकाळीत मी 'तुमी लोकं' झालो!

मी त्यांची कॉलर धरली. त्यांच्या माणसांनी मला भिंतीवर ढकललं. गिऱ्हाईकं मधे पडली म्हणून तेवढ्यावर थांबलं. जाताना दिनकररावांनी रस्त्यावर उभं राहून चार माणसांना ऐकवलं – जुना माल बसवतो, माणसं मारतो. चार गिऱ्हाइकांतली दोघं गाडी तशीच घेऊन गेली.

दिवसभर मी तो पट्टा हातात घेऊन बसलो होतो. कापल्याची खूण शोधत होतो. जोड, डिंक, टाका, काहीतरी. बोटानं दाबत तीनदा सगळा फिरवला. कुठंच काही नाही. मग डोक्यात आलं, कापलेला तुकडा तर त्यांच्याकडं आहे! तो दुसराच निघाला तर मी खोटा. पण तोच निघाला तर...?

सोमवारी सकाळी मोटारसायकल काढली. पट्टा पिशवीत. सगळा रस्ता पाऊस, आणि मी हेल्मेटच्या आत एकटाच शिव्या घालतोय.

दिनकरराव डेअरीला गेले होते. ओट्यावर वहिनी बसलेल्या, हात प्लास्टरमध्ये. मला बघून उठायला लागल्या.

"बसा वैनी. भांडायला न्हाय आलो. बुधवारी दादांनी कापलेला पट्टा आणलावता का घरात?"

"आणलावता की. गोठ्याच्या फाटकाला बांधलाय त्यांनी. त्या दिवसापास्नं तिथंच हाय."

गोठ्याकडं गेलो. फाटकाला पट्टा बांधलेला होता. तोवर दिनकरराव आले, मला बघून ओरडायला लागले. मी फाटकाची गाठ सोडली, कापलेला पट्टा ओट्यावर सरळ पसरला आणि त्याच्या शेजारी पिशवीतला अखंड पट्टा ठेवला.

चावा. इथंही, तिथंही. दातांच्या खुणा मोजल्या – पाच आणि पाच. निळा ओघळ, खाली येऊन डावीकडं वळलेला. दोन्हींवर तसाच. एक भेग आडवी जाऊन मधेच फुटलेली, इंग्रजी वाय अक्षरासारखी. तीसुद्धा दोन्हींवर. एका उंदरानं दोन पट्टे कुरतडले असं एक वेळ धरून चालू. पण रंग तसाच ओघळायचा? भेग तशीच फुटायची?

दिनकरराव खाली बसले. फाटकावरनं सोडलेल्या पट्ट्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"आता सांगा," मी म्हणालो. "कोण हातचलाखी करतंय?"

ते एकदम उठले, दोन्ही पट्टे उचलले आणि मागच्या दारी पाणी तापवायची चूल पेटलेली होती, तिच्यात कोंबले. मी धावलो, पण रबरच ते. काळा धूर, घाण वास. मी चिमटा शोधेपर्यंत दोन्हींचा एक गोळा झाला होता.

"काय केलासा ह्ये!" मी अक्षरशः किंचाळलो. "माझा पुरावा हुता त्यो!"

"असलं घरात ठेवायचं न्हाय. आन कुणाला सांगायचं बी न्हाय."

"आन माझ्या नावाचं काय? भर रस्त्यात बोललासा ते?"

"मग काय सांगू लोकांस्नी? पट्टा दोन झाला म्हणू? येडा म्हणतील मला."

म्हणजे बघा. डोळ्यांनी बघितलं, हातानं चाचपलं, भ्यायले. आणि तरी गावात गोष्ट तीच राहणार – मेकॅनिकनं फसवलं. कारण ती सांगायला सोपी. तिच्यावर विश्वास ठेवायलाही सोपी. पट्टा दोन होण्यापेक्षा यासीन चोर असणं लोकांना लगेच पटतं. मला त्या दिवशी त्यांना त्याच चुलीत घालावंसं वाटलं. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "ह्ये वाईट केलंसा तुमी." दिनकररावांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्यांची गाडी दुसऱ्या एका गॅरेजला उभी होती. मी तिथं जाऊन बॉनेट उघडून बघितलं. ताण देणारी पुली मी बसवली तशीच, बोल्ट तसाच आवळलेला. पट्टा बदलायचा तर तो सैल करावाच लागतो, आणि त्याला कुणी पाना लावल्याची खूण नव्हती. गाडी बुधवार ते शनिवार त्यांच्याच अंगणात होती. आणि मी बसवलेला नवा पट्टा? चरात शोधला, रस्त्यावर शोधला. नाही मिळाला.

माझी गिऱ्हाईकं निम्म्यानं तुटली. काही परत आली, काही नाही.

हिवाळ्यात एक दिवस दुपारी वहिनी गॅरेजवर आल्या. एकट्या, एसटीनं. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडंच बसलं होतं. सहा-सात माणसं होती. त्यांनी पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "त्या बुधवारी जुना पट्टा कापून माझ्या घरात आला हुता. ह्या माणसानं आमास्नी फसवलं न्हाय. आमचं मालक खोटं बोलत्यात."

एकजण हसला. "मग वैनी, गाडीत कुठला पट्टा हुता?"

"ते मला म्हाईत न्हाय," वहिनी म्हणाल्या. "म्हाईत न्हाय म्हणून दुसऱ्याला चोर म्हणायचं व्हय?"

मी वहिनींसाठी चहा मागवला, पण परतीची गाडी चुकेल म्हणून त्या थांबल्या नाहीत.

हा किस्सा सांगितला की लोक म्हणतात, बाहेरचं काहीतरी असणार. असेल. मला काय त्याचं? ज्यानं कुणी हे केलं, त्याला त्या बाईचा हात मोडून आणि माझं नाव घालवून काय मिळालं, हे मला समोर बसवून विचारायचंय. तेव्हापासनं शेकडो पट्टे बदलले. प्रत्येक वेळी इंजिन बंद करून दिव्यानं परत एकदा बघतो – बसवला तोच आहे ना. असतो. आजवर दरवेळी तोच असतो. मग त्या एका वेळी का नव्हता, याचं उत्तर माझ्याकडं नाही. आणि खरं तर आता ते शोधायची इच्छाही नाही.