गिरिजाला भीती वाटायची

पाचवीचा तास चालू होता. वर्गाच्या दारात गिरिजाचे दीर येऊन उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मी त्यांना काही विचारलं नाही. मुलींना धडा पुढे वाचायला सांगितलं, टेबलाला धरून उभी राहिले... गिरिजा गेली हे त्यांनी सांगण्याआधीच मला कळलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, मोठी धीराची बाई, कशाला म्हणून भ्याली नाही. ते खरं नाही, म्हणून लिहायला बसले.

गिरिजा काटोलकडची, शेतकऱ्याघरची. लग्न होऊन नागपूरला आली आणि जरीपटक्याच्या बाजारामागे दोन खोल्यांत ब्लाउज शिवू लागली. मी ब्लाउज शिवायला गेले आणि मैत्रीण होऊन राहिले. तिला उजव्या छातीत गाठ लागली तेव्हा ती चौतिशीची असेल. आठ महिने तिनं ती कुणाला सांगितली नाही. एकदा माहेरी जाऊन तिथल्या दवाखान्याच्या पायऱ्या चढली होती, पण आत डॉक्टर पुरुष, त्यातून भावाच्या ओळखीचे. तशीच परत फिरली. पुढे हात वर होईना, मशीनचं चाक फिरवताना डोळ्यांत पाणी येऊ लागलं, तेव्हा मला म्हणाली, "कमल, मले काहीतरी झालं वं." मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, एक बाजू काढली, मग किरणांचे शेक सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, आधी आल्या असतात तर मला एवढी काळजी वाटली नसती. हे वाक्य तिच्या मनातून कधी गेलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिवाळी अधिवेशनात एक आमदारबाई अशासकीय विधेयक मांडणार होत्या. प्रत्येक जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस बाई डॉक्टरनं बायकांच्या छातीची तपासणी करावी, फुकट करावी, असा कायदा त्यांना हवा होता. पाठिंब्यासाठी त्या आमदारांना भेटत होत्या आणि हा आजार भोगलेली, बोलू शकेल अशी बाई शोधत होत्या. दवाखान्यातल्या नर्सनं गिरिजाचं नाव सांगितलं. गिरिजा तीन दिवस नाही म्हणत राहिली. चौथ्या दिवशी माझ्याकडे आली. "तू संग चाल. माह्यानं एकटीनं नाही जमत."

मी हो म्हटलं. पण त्या दिवसांत मी स्वतः काय घेऊन फिरत होते, ते तिला सांगितलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी न्हाताना डाव्या काखेजवळ माझ्या बोटांना काहीतरी लागलं होतं. वाटाण्याएवढं. रोज हात लावून बघायची, रोज वाटायचं आज नसेल, आणि ते असायचंच. घरात बोलले नाही. शिकलेली, शाळेत शिकवणारी मी... गिरिजानं आठ महिने का लपवलं म्हणून तिच्यावर रागावणारी मी.

आमदारबाईंनी आम्हा दोघींना आमदार निवासात एका आमदारांकडे पाठवलं. खोलीत सहा-सात पुरुष बसले होते. आमदार साहेब पलंगावर मांडी घालून होते. आम्हाला बसा म्हणाले, चहा मागवला, आमचं निवेदन चाळलं आणि नजर कागदावरच ठेवून म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं पटतं. पण हा बायकांचा विषय. सभागृहात कसा बोलायचा? लोक हसतील." खोलीत कुणीतरी हसलंही. गिरिजानं पदर मुठीत इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. तशीच ती उभी राहिली.

"साहेब, मी बी लाजूनच आठ महिने काढले. लाजता लाजता एक छाती गेली. आता बाकीचं अंग राहते का जाते, ते डॉक्टरले बी ठाऊक नाही. रात्रंदिवस मले त्याचंच भेव वाटते. तुम्ही लाजान, त माह्यासारख्या किती मरतीन, त्या मोजाले बी कोणी येणार नाही."

साहेबांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "बघतो," म्हणाले. चहा आला, पण आमच्याच्यानं तो घेववला नाही.

बाहेर रस्त्यावर आल्यावर गिरिजा लिंबाच्या झाडाखाली खालीच बसली. धाप लागली होती. मला वाटलं, आता रडेल. पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कमल, तुह्या कोणत्या बाजूले आहे?"

"काय कोणत्या बाजूला?" मी म्हटलं.

"मी बोलून राहिली होती, त तुहा हात चार खेपा काखेपाशी गेला. खोटं नको बोलू वं माह्यापाशी."

रस्त्यानं माणसं जात होती, पोलीस उभे होते, आणि मी तिथे तोंडात पदर कोंबून रडले. सोमवारी तिनंच मला दवाखान्यात नेलं. गाठ काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मला नीट आठवतही नाहीत. एवढंच आठवतं, की माझ्या मुलींच्या वेण्या घालताना वाटायचं, यांना आता आपली आपण वेणी घालायला शिकवून ठेवायला हवं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी गिरिजा एकटीच विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत गेली. संध्याकाळी येऊन तिनं मला सगळं सांगितलं. विधेयकाची पाळी अगदी शेवटी आली. ते आमदार साहेब उठले, पण 'छाती' हा शब्द त्यांना उच्चारवेना. 'हा आजार, हा आजार' म्हणत दोन मिनिटं बोलले, पण बाजूनं बोलले. मंत्र्यांनी आश्वासन दिलं आणि आमदारबाईंनी विधेयक मागे घेतलं. "मांगं घेतलं म्हणजे काय वं?" तिनं विचारलं. मी समजावलं. मग ती म्हणाली, "म्हणजे आपण हरलो." वर्षभरानं आमच्या दवाखान्यात मंगळवारी बाई डॉक्टर बसू लागल्या. काटोलला पुढे कितीतरी वर्षं कुणी आलं नाही.

माझी गाठ साधी निघाली. तो कागद वाचताना गिरिजा हमसून रडली. मला मात्र सुटल्याच्या आनंदाची लाज वाटत होती, कारण शेजारी ती बसली होती... बरीच वर्षं ती चांगली राहिली. गेल्या वर्षी आजार पाठीच्या मणक्यात आला. शेवटच्या भेटीत माझा हात धरून म्हणाली, "मी गेल्यावर, ही भेत नव्हती असं कोणाले सांगू नको. मी लय भेली. बायकांले सांग, भेलं तरी चालते, पण दाखवा."

परवा तिच्या मुलीबरोबर तिची शिवणाची खोली आवरत होते. हुडकेश्वरहून एक बाई आली, हातात कापडाचा तुकडा. गिरिजा नाही हे तिला ठाऊक नव्हतं. सांगितलं, तरी ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली. जाईना. कापडाची घडी उलगडायची, पुन्हा घालायची. गिरिजाच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ब्लाउजचं निमित्त करून अशा बायका तिच्या आईला गाठ दाखवायला यायच्या, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. मला वाटलं, आपण काय डॉक्टर, आपण कोण... तरी उठले, दार लोटून घेतलं, त्या बाईला गिरिजाच्या स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "कुठं लागते? मला दाखवा."